कठीण, भुकटी सोडणाऱ्या बर्लमधून पोकळ भांडं कसं कातावं

सुकलेल्या, घट्ट बर्लला (झाडावर वाढलेल्या फुगीर गाठीला) हत्यार लावलं की लांब ढलप्या निघत नाहीत, पिठासारखी भुकटी निघते. उघडा वाडगा कातताना त्याने फारसं बिघडत नाही. भुकटी खाली पडते आणि काम पुढे सरकतं. पण तोंड ४० मिलिमीटरचं आणि पोट १५० मिलिमीटरचं असेल, तर भुकटीला बाहेर यायला वाटच नसते. ती आतच फिरते, दाबली जाते, तापते आणि आतून कोरायच्या हत्याराचा लांब बार जखडून टाकते. बर्ल म्हटलं की बहुतेक जण लाकडाच्या कठीणपणाला बिचकतात. माझ्या मते कठीणपणा धारेने आटोक्यात येतो, छळते ती भुकटी. खालची सगळी पद्धत हाच हिशेब धरून सांगितली आहे. लेथवर साधा वाडगा कातता येतो आणि गाऊज (पन्हाळीच्या आकाराचं कापायचं हत्यार) आणि स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) यांना धार लावता येते, एवढं गृहीत धरतो. उदाहरणासाठी १५० मिलिमीटर व्यासाचं, साधारण १३० मिलिमीटर उंचीचं भांडं डोळ्यापुढे ठेवू.

लाकूड पारखणं

खोडावर किंवा मुळांजवळ सुप्त कळ्यांची गर्दी होऊन जी फुगीर गाठ वाढते, ती बर्ल. तिच्यात ग्रेनला (लाकडाच्या तंतूंना) एक अशी दिशा नसते. ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या जातींचे (मॅली, कूलिबा, जाराह) बर्ल कठीण आणि कोरडी भुकटी सोडणारे म्हणून कातकाम करणाऱ्यांना परिचित आहेत. ऑलिव्हचा जुना सुकलेला बर्लही त्याच पंगतीतला.

आधी तुकडा कुठल्या बाजूने धरायचा ते ठरवा. कळ्यांचे माग गाठीच्या आतून सालीकडे जातात. ते आडवे कापले गेले की गोल डोळे दिसतात आणि उभे कापले गेले की रेघा. सालीची बाजू भांड्याच्या माथ्याकडे ठेवली, तर खांद्यावर डोळे येतात आणि पोटावर रेघांचे झोत. सालीची बाजू कुशीला घेतली, तर एकाच अंगाला डोळ्यांचा पुंजका येतो आणि भांडं एकतर्फी दिसतं. मला पहिली मांडणी आवडते. खांदा हीच भांड्याची सगळ्यात जास्त दिसणारी जागा असते.

जमिनीलगतच्या बर्लमध्ये वाळू आणि बारीक खडे लाकडाने चक्क गिळलेले असतात. तारेच्या ब्रशने सालीच्या फटी खरवडून काढा, नाहीतर हत्याराची धार पहिल्या मिनिटात जाईल. मग तुकडा हातात धरून लाकडी ठोकळ्याने जागोजागी ठोका. भरीव जागेवर आवाज खणखणीत येतो, आत चीर किंवा पोकळी असेल तिथे बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागांवर खडूने खूण करा. चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायची बाजू ठरवताना त्या खुणा लागणार आहेत.

मेण लावलेला तुकडा वर्षानुवर्षं पडून असला तरी आतून ओला असू शकतो. मेण खरवडून त्याचं वजन करा आणि दर आठवड्याला पुन्हा करा. वजन स्थिर झालं म्हणजे तुकडा सुकला. ओला असेल तर घाई नको. बाहेरून आकार देऊन, आतून पोखरून, भिंत जाड ठेवून (व्यासाच्या १२ ते १५ टक्के) कागदी पिशवीत सुकू द्या. ओल्या बर्लची भुकटी कमी होते हे खरं, म्हणून कच्चं पोखरण ओलेपणीच उरकणं सोपं जातं. पण सुकताना बर्ल कुठल्या बाजूला वाकेल याचा नेम नसतो, त्यामुळे शेवटचा हात सुकल्यावरच फिरवायचा.

यंत्र सुरू करण्याआधी

लाकडाच्या भुकटीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. निदान एन-९५ दर्जाचा, गालाला घट्ट बसणारा मास्क हवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, मग पंख्याने हवा पुरवणारं हेल्मेट घ्यावं. मास्कवरून पूर्ण चेहरा झाकणारी ढालही हवी, कारण बर्लमधून सालीचा तुकडा कधी सुटेल ते सांगता येत नाही.

भुकटी ओढणाऱ्या यंत्राचा पाइप टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) पलीकडे, भांड्याच्या तोंडाच्या जेवढा जवळ जाईल तेवढा न्या. लेथ थांबला म्हणून मास्क काढू नका. डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ त्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत असते. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या या पाइपच्या वाटेला जाऊ देऊ नका. सुक्या भुकटीने भरलेल्या पिशवीत एक ठिणगी गेली की ती तासन् तास धुमसत राहू शकते आणि पेट घेते तोवर तुम्ही घरी गेलेले असता.

पकड

घट्ट सुकलेला बर्ल ठिसूळ असतो. चकचे जॉ (जबडे) जोराने आवळले की टेनन (चकमध्ये धरायला काढलेला गोल खुंट) तिथेच तडकते, त्यातून टेननमध्ये सालीची फट असेल तर बघायलाच नको. माझं मत स्पष्ट आहे. अशा लाकडाला फेसप्लेट (स्क्रूने लाकडाला बसवायची तबकडी), नाहीतर चिकटवलेला ठोकळा. साध्या कठीण लाकडाचा सपाट ठोकळा बर्लच्या तळाला चिकटवा, एक रात्र शिकंज्यात ठेवा आणि ठोकळ्यावर टेनन काढा. बर्लचा एक मिलिमीटरही वाया जात नाही. फेसप्लेट थेट लावायची असेल तर स्क्रूंसाठी आधी भोकं पाडून घ्या आणि स्क्रू निदान २५ मिलिमीटर आत जाऊ द्या. स्क्रूची जागा पुढे कापून टाकायची असते, तेवढी उंची हिशेबात धरा.

टेननवर धरताना तिचा खांदा जॉच्या तोंडाला चारही बाजूंनी टेकलेला हवा. टेनन चकच्या तळाला टेकता कामा नये.

बाहेरचा आकार

वेगाचा जुना ठोकताळा असा आहे: इंचांतला व्यास गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० च्या दरम्यान असावं. सहा इंची तुकड्याला म्हणजे १००० ते १५००. पण ओबडधोबड बर्ल एका बाजूला जड असतो. ४०० पासून सुरुवात करा, टेलस्टॉकचं (लेथच्या समोरच्या टोकाच्या आधाराचं) सेंटर टेकवलेलं ठेवा आणि लेथ हलायचा थांबेल तसा वेग वाढवा. खुणा केलेल्या पोकळ्या असतील तर तुकडा गोल झाल्यावरही १००० च्या वर जायचं कारण नाही. स्विच दाबताना तुकड्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका.

ग्रेन सगळीकडे तोंड करून असल्यामुळे उतारावरून कापा, चढावरून नको, हा नेहमीचा नियम इथे निम्माच चालतो. उपयोगी पडते ती ताजी धार आणि हलका हात. ५५ ते ६० अंशांच्या गाऊजने आकार आणा. शेवटचे दोन-तीन हात फिरवण्याआधी गाऊज पुन्हा ग्राइंडरवर न्या, मग तो बोथट झालेला नसला तरी चालेल. त्यानंतर निगेटिव्ह रेक स्क्रेपर, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंनी उतार दिलेला. घट्ट बर्लवर हा स्क्रेपर गाऊजपेक्षा गुळगुळीत पृष्ठ देतो. ग्राइंडरवर त्याच्या धारेला उठलेली बारीक कंगोरी मिनिटभरात मरते आणि स्क्रेपर नुसता घासू लागतो. तेव्हा जोर लावू नका, पुन्हा ग्राइंडरला लावा.

आकार साधा ठेवा. लाकडात एवढी नक्षी असताना भांड्याला खाचा, कडी, गळे कशाला? तळापासून खांद्यापर्यंत एकच अखंड वळण असावं आणि सगळ्यात रुंद भाग मध्याच्या थोडा वर असावा. वळण तपासायचं तर लेथ थांबवून डोळे मिटा आणि बोटं वरून खाली फिरवा. डोळ्याला न दिसलेला सपाट पट्टा बोटाला लगेच कळतो.

बाहेरून पूर्ण झालं की सालीच्या फटी आणि चिरा पातळ सुपरग्लूने भरून घ्या. त्याआधी आजूबाजूला शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्यावा, नाहीतर ग्लूचे डाग मुरतात आणि पॉलिशनंतर काळपट दिसतात. मोठी पोकळी असेल तर तिच्यावर पॅकिंगची ताणणारी फिल्म चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा. आतून पोखरताना भिंत पातळ होत जाईल, तेव्हा हे वेढे तिला सांभाळतात.

मधलं भोक

आतून पोखरण्याआधी ड्रिलने मध्यावर भोक पाडायचं, तळाची जाडी सोडून पूर्ण खोलीपर्यंत. खोलीची खूण ड्रिलच्या दांड्यावर टेपने करा आणि तळाला हव्या त्या जाडीपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त सोडा. २५ मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारा) आणि ३०० च्या आसपास आरपीएम पुरे. दर १० मिलिमीटरला बिट पूर्ण बाहेर काढून भुकटी झटका. बाहेर काढलेला बिट हाताला लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. घट्ट लाकूड आत तापलं की त्याला केसाएवढ्या चिरा पडतात आणि त्या पॉलिशच्या वेळीच दिसतात.

पोखरणं

आधी बार निवडू. हॉलोइंग बार टूलरेस्टच्या पुढे जितका लोंबतो त्यावर सगळं अवलंबून असतं. लोंबणारी लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने बार आठपट वाकतो. उलट जाडी १२ ऐवजी १६ मिलिमीटर केली की ताठपणा तिपटीहून थोडा जास्त होतो. आपल्या भांड्यात बार साधारण १५० मिलिमीटर लोंबणार आहे. तिथे १२ चा बार थरथरेल आणि १९ चा बार ४० मिलिमीटरच्या तोंडात वळायला जागा ठेवणार नाही, म्हणून १६ चा घ्या. टोकाला छोटा कटर हवा. पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा हायस्पीड स्टीलचा तुकडा किंवा तेवढाच गोल कार्बाइड चालेल. रुंद कटर एका वेळी जास्त लाकूड पकडतो, आणि कठीण बर्लमध्ये जास्त पकड म्हणजे झटका. टोपी असलेले रिंग कटर ओल्या लाकडात सुंदर चालतात, इथे मात्र टोपीखालची फट भुकटीने बुजते. खांद्याखालचा आतला कोपरा गाठायला वाकड्या मानेचा बार लागेल. तो हातात पिळतो, म्हणून तो पिळ अडवणारी आर्म ब्रेस किंवा लेथच्या बेडवर टेकणारी चौकट असेल तर ती जरूर वापरा.

कटरचं टोक मध्यरेषेच्या दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा. आतल्या बाजूने कापताना बार खाली दबला तर टोक मध्यरेषेकडे, म्हणजे मोकळ्या जागेकडे जातं. टोक आधीच मध्याखाली असेल तर दबताच ते लाकडात रुतेल.

तोंडाजवळून सुरुवात करा. मधल्या भोकापासून भिंतीकडे हलके झोत घ्या आणि पहिल्या २५-३० मिलिमीटर खोलीपर्यंत भिंत शेवटच्या जाडीला आणा. मगच खाली उतरा. खालचं जाड लाकूड आहे तोवरच वरची भिंत थरथरत नाही. एकदा खाली पोखरून झालं की वर परत यायचं नाही.

आता भुकटी. १००० आरपीएमला मध्यापासून ७० मिलिमीटरवर असलेली भुकटी भिंतीवर स्वतःच्या वजनाच्या पंच्याहत्तर पटींहून जास्त जोराने दाबली जाते. ती खाली सांडत नाही, पोटाच्या सगळ्यात रुंद भागात थर धरते. कटर त्या थरातून फिरतो आणि आपल्याला वाटतं लाकूड कापतोय. आधी कापण्याचा कोरडा खर्र आवाज दबतो. मग मुठीतली बारीक थरथर नाहीशी होते आणि काम अगदी मऊ चाललंय असं वाटतं. हीच धोक्याची वेळ. त्यानंतर बार कोमट लागू लागतो आणि पुढच्या क्षणी कटर थराच्या कडेवर अडकून मूठ ओढली जाते. खांद्याची भिंत बहुतेकदा तिथेच फुटते.

म्हणून आवाज दबायची वाटही बघू नका. मिनिटभर कापलं की लेथ बंद करा. भांडं हाताने सावकाश फिरवत बाहेरून तळव्याने थोपटा, थर सुटून खालच्या अंगाला जमतो. मग व्हॅक्यूमला जोडलेली बोटभर जाडीची नळी आत घालून ओढून घ्या. नुसती दाबाची हवा मारली तर सगळी भुकटी तोंडावर येते. हवा मारायचीच असेल तर दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमचा पाइप भांड्याच्या तोंडाला धरा. कापण्यापेक्षा साफ करण्यात वेळ जास्त जातोय असं वाटलं तर काम बरोबर चाललंय. कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

धारही याच थांब्यांना जोडा. चार-पाच वेळा साफ केलं की कटर एकदा धारेला लावा. बोथट कटर कापत नाही, चोळतो. चोळल्याने आणखी बारीक, आणखी गरम भुकटी होते आणि सगळं चक्र वेगाने बिघडतं.

जाडी मोजताना

या आकाराच्या भांड्याला सहा मिलिमीटरची भिंत शोभते. पहिलंच असेल तर आठ ठेवा. ठिसूळ बर्ल तीन मिलिमीटरवर आणण्यात मला कौशल्यापेक्षा हट्टच जास्त दिसतो. भांडं उचलल्यावर हाताला थोडं वजन लागावं.

कॅलिपर लावण्याआधी आतली भिंत साफ आहे याची खात्री करा. भुकटीचा दोन मिलिमीटरचा थर शिल्लक असेल तर कॅलिपर आठ सांगेल, तुम्ही आणखी दोन काढायला जाल आणि भिंत चारवर येईल. बारला लेझर बसवला असेल तर तो कटरची जागा बाहेरच्या आकाराशी ताडून दाखवतो, त्यामुळे आतल्या थराने फसत नाही. फक्त बाहेर सालीची फट आली की ठिपका आत उडी मारतो, तेवढं सोडून द्यायचं. फिकट, ओल्या लाकडात दिवा लावून भिंतीतून येणाऱ्या प्रकाशावर जाडी ओळखतात. गडद, सुक्या बर्लमध्ये ती युक्ती विसरा.

तळ शेवटी. मधल्या भोकाचा तळ गाठून तिथून भिंतीकडे गोलाई मिळवा. तळ भिंतीपेक्षा थोडा जाड असला तर भांडं नीट बसतं.

पॉलिश पेपर

स्क्रेपरने काम नीट झालं असेल तर १८० नंबरच्या पेपरपासून सुरू करा, नाहीतर १२० पासून. तिथून २४०, ३२०, ४००. वेग ४०० आरपीएमच्या आत आणि बोटाला ऊब जाणवली की पेपर उचला, कारण तापल्यावर चिरा पडण्याचा धोका इथेही तोच. बर्लचे डोळे आजूबाजूच्या लाकडापेक्षा कठीण असतात. मऊ स्पंजच्या पॅडने घासलं तर भोवतालचं लाकूड झिजतं आणि डोळे टेंगळासारखे वर राहतात. घट्ट पॅड वापरा. शेवटचे दोन पेपर तेल लावून ओले घासले तर भुकटी उडत नाही, पण तेलाचा चिखल फिकट फटींमध्ये भरतो. तुमच्या लाकडात तशा फटी असतील तर कोरडंच घासा.

फिरत्या भांड्याच्या तोंडात बोट घालू नका. पेपर गुंडाळलेलं बोटही नको आणि कापड तर मुळीच नको. आतून घासायचंच असेल तर लांब दांड्याच्या टोकाला गोल पॅड लावून करा. दिसतो तेवढा वरचा भाग पुरे.

तळ उलटवून घेणं

व्हॅक्यूम चक बर्लला क्वचितच धरतो, कारण फटींमधून हवा शिरते. त्यापेक्षा चकमध्ये एक लाकडी दांडा धरा, त्याच्या टोकाला फोम किंवा चामडं लावा, भांडं त्यावर उलटं चढवा की दांडा आतल्या तळाला टेकेल, आणि बाहेरून टेलस्टॉकचं सेंटर लावा. जोर बेताचा, नाहीतर तळ फुटेल. आता ठोकळा कापून काढा आणि तळ किंचित खोलगट करा, म्हणजे भांडं कडेवर बसेल आणि डुगडुगणार नाही. मध्ये राहिलेला बोटाएवढा खुंट लेथ बंद करून बारीक करवतीने कापा आणि हाताने घासून घ्या.

शेवटचा हात

तेल लावण्याआधी भांडं उलटं करून थोपटा आणि फटींमधली भुकटी व्हॅक्यूमने काढा. राहिलेली भुकटी तेलात भिजून फटीच्या कडेला राखाडी रेघ होऊन बसते. मग डॅनिश ऑइल किंवा टंग ऑइलचे पातळ हात द्या आणि प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसून घ्या. सालीच्या फटी तेल पितात आणि तासाभराने ते थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. पहिल्या दिवशी अधूनमधून येऊन ते थेंब पुसत राहा, वाळले तर चिकट चकाकणारे ठिपके राहतात आणि पुन्हा घासावं लागतं. तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. सुकणारं तेल हवेशी संयोग होताना स्वतःच तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. त्या उघड्यावर सपाट पसरून कडक होऊ द्या किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.